पाबे घाटात ब्रेक मऊ का पडला?

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला पश्चिमेकडे वळले की नसरापूर ओलांडून रस्ता थेट वेल्ह्याला जातो. गाव तोरण्याच्या अगदी पायथ्याशी. तेथे माझ्या एका स्नेह्यांच्या घरी, गोठ्याशेजारच्या पडवीत, एक निळी स्टँडर्ड हेराल्ड मोटार आहे. स्नेही निवृत्त शिक्षक. वडिलांची ही गाडी अकरा वर्षे जागची हलली नव्हती. दोन वर्षांच्या सुट्ट्या खर्चून त्यांनी ती घरच्या घरी चालती केली आणि दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मला शेजारी बसवून पाबे घाटात नेली.

घाट चढून वेल्ह्याच्या बाजूला आम्ही उतरू लागलो. चार-पाच वळणे झाली आणि गुरुजींच्या पायाखालचे ब्रेकचे पेडल एकदम मऊ पडले, स्पंज दाबावा तसे. गाडी थांबेना. त्यांनी शांतपणे दुसरा, मग पहिला गिअर टाकला, हाताचा ब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला लावली. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

खरी गंमत पुढेच आहे. अर्ध्या तासाने पाहतो तो पेडल पुन्हा टणक! गावातल्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी तपासले. तेलाची गळती नाही, ब्रेकचे लायनर नवे. "गुरुजी, ब्रेक एकदम झकास आहे," ते म्हणाले. मग घाटात काय झाले होते? उत्तर वाचण्यापूर्वी तुम्हीही थोडा विचार करून पाहा.

आधी ह्या गाडीविषयी. हेराल्ड 1959 मध्ये इंग्लंडात निघाली. तिचा आकार इटलीच्या मिकेलोत्ती ह्या आरेखकाने आखला. 1961 पासून मद्रासची स्टँडर्ड कंपनी ती भारतात बनवू लागली. इंजिन अवघे 948 घन सेंटिमीटरचे. पण हिचीच चासी आखूड करून 1962 मध्ये इंग्लंडात 'स्पिटफायर' ही दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार केली गेली. म्हणजे वेल्ह्याच्या पडवीतली ही गाडी एका नामांकित स्पोर्ट्‌स मोटारीची थोरली बहीणच म्हणायची! हेराल्डला खाली वेगळी पोलादी चासी असते आणि वरचे पत्रे तिला बोल्टांनी जोडलेले असतात. पुढचे सगळे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते व इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडते. घरी काम करणाऱ्याला ह्याहून सोयीची गाडी मिळणे कठीण. आपल्या कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे तसे नाही. (मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.) तिला वेगळी चासी नाही. अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालचा पत्रा गंजला तर पद्मिनीची शोभाच नव्हे, ताकदही जाते.

गंज म्हटला की वेल्ह्याचा पाऊस आलाच. पण पाऊस थेट लागल्याने गाडी जितकी गंजते त्याहून अधिक ती अडकून राहिलेल्या ओलाव्याने गंजते. एक प्रयोग करा. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश कागदाने घासून लखलखीत करा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा मोठा थेंब ठेवा. काही तासांनी पाहा. तांबूस गंजाचे कडे थेंबाच्या मध्यभागी नव्हे, कडेच्या आत गोलाकार पडलेले दिसेल. थेंब पुसला तर खड्डे मात्र मधल्या भागात सापडतील. असे का? थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्ये कमी पोचतो. ह्या फरकामुळे तो थेंब एक छोटी विद्युतघटच बनतो. मधल्या भागातले लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळते, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जातात, आणि तेथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात. दोघांची गाठ वाटेत पडते तेथे गंज साचतो.

आता मोटारीत काय होते ते तुमच्या लक्षात येईल. दोन पत्र्यांच्या फटीत, चिखलाच्या थराखाली, रंगाच्या फोडाखाली ऑक्सिजन कमी असतो, म्हणून धातू नेमका तेथेच खाल्ला जातो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. तो रंगाला आतून उचलतो. बाहेर चण्याएवढा फोड दिसला तर आत रुपयाएवढे भोक असू शकते.

विकणारा हे भोक लांबी भरून, वर रंग मारून लपवतो. ते ओळखायला गुरुजींनी काय वापरले असेल? फडक्यात गुंडाळलेले एक साधे चुंबक. अंतर थोडे वाढले तरी चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. चांगल्या पत्र्यावर रंगाच्या पातळ थरावरूनही चुंबक चिकटते, लांबीच्या जाड थरावरून घसरते. हेराल्डवर त्यांना अशा सात जागा सापडल्या. त्या कापून नवा पत्रा बसवायला वेल्डर लागला. बाकी सारे त्यांनी स्वतः केले. गंज खरवडला, उरलेल्यावर फॉस्फॉरिक आम्लाचा द्रव लावून लोखंडाच्या फॉस्फेटाचा थर आणला, आणि त्यावर जस्तयुक्त प्रायमर दिला. आपल्याकडे रेड ऑक्साइड लावले की काम झाले असे मानतात. मला ते पटत नाही. रेड ऑक्साइड केवळ आडोसा धरतो. ओरखडा पडला की आडोसा संपला. जस्त मात्र लोखंडाआधी स्वतः इलेक्ट्रॉन देऊन झिजते व ओरखड्यातले लोखंड वाचवते.

आता घाटाकडे वळू. पायाच्या ब्रेकचे काम पास्कलच्या नियमावर चालते. पेडल दाबले की मुख्य सिलिंडरातला द्रव दाबला जातो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत तसाच पोचतो आणि तेथील दट्ट्ये ब्रेकचे पट्टे ड्रमवर दाबतात. सारी मदार द्रव न दबण्यावर आहे.

हा द्रव खनिज तेल नसतो. तो ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा असतो आणि त्याला हवेतली वाफ शोषण्याची खोड असते. बाटलीचे झाकण उघडे ठेवा, तो पाणी पिऊ लागतो. रबरी नळ्यांतूनसुद्धा ओलावा त्याच्यापर्यंत पोचतो. 'डॉट 3' प्रतीचा कोरा द्रव किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. तोच सुमारे पावणेचार टक्के पाणी प्यायला की ही मर्यादा 140 अंशांवर येते.

घाटात 140 अंश होतात का? हिशेब करू. माणसांसकट गाडीचे वस्तुमान 1000 किलोग्रॅम आणि उतार 300 मीटर धरा. गमवलेली स्थितिज ऊर्जा 1000 × 9.8 × 300, म्हणजे 29,40,000 ज्यूल. एवढ्या उष्णतेने नऊ लिटर पाणी 25 अंशांपासून उकळीला आणता येते! वेग न वाढवता उतरायचे आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा, तर ही सारी उष्णता चार ड्रमांत जाणार. प्रत्येक ड्रम पाच किलोचा धरला आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला अंशामागे 460 ज्यूल, तर तापमान सुमारे 320 अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, इंजिनही गाडी आवरते, म्हणून इतके होत नाही. पण ड्रमाला चिकटून असलेल्या सिलिंडरातला पाणी प्यालेला द्रव उकळायला त्याच्या निम्मेही पुरते.

आणि एकदा वाफ झाली की खेळ बदलतो. थेंबभर पाण्याची हवेच्या दाबाला सुमारे 80 घन सेंटिमीटर वाफ होते. पेडल एकदा दाबल्यावर सरकणारा द्रव असतो काही घन सेंटिमीटरच. तुमचा पाय आता द्रव नव्हे, वाफेची गादी दाबतो. गादी दबते, चाकांपर्यंत जोर पोचतच नाही. अर्ध्या तासात ड्रम निवले, वाफेचे पुन्हा पाणी झाले, पेडल टणक! मिस्त्रींना दोष दिसणार तरी कसा? हाताचा ब्रेक मात्र तारेने ओढला जातो. त्यात द्रव नाही, म्हणून तो चालला.

चूक कोणाची? आमचीच. गुरुजींनी लायनर बदलले, सिलिंडरांची रबरे बदलली, पण द्रव भरला तो पडवीत दोन पावसाळे अर्धवट उघडी राहिलेल्या बाटलीतला. मीही पदार्थविज्ञान शिकवतो, पण तो भरताना बघत उभा होतो!

पाण्याचा तिसरा शिरकाव पेट्रोलमधून होतो. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलही ओलावा ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या काळच्या रबरी नळ्या व पडदे त्याने फुगतात, चिरतात. गुरुजींनी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घातल्या आणि गाडी पंधरवड्यातून एकदा तरी फिरवतात.

ठेवण्याविषयी दोन गोष्टी. प्लॅस्टिकचा कागद टाकून गाडी झाकू नका. रात्री पत्रा थंड होतो, जमिनीतून येणारी वाफ कागदाखाली अडकते आणि पत्र्यावर दव धरते. हवा खेळणारे सुती आवरण बरे, आणि चाकांखाली फळ्या. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली लोखंडी घोडे लावलेलेच हवेत, आणि जवळ मोठे माणूस.

पन्नास वर्षांवरील मूळ रूपातल्या गाड्यांची 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद होते. त्यांच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. गुरुजींची कागदपत्रे त्यासाठी तयार होत आहेत.

द्रव आता ते दर दोन वर्षांनी, मे महिन्यात बदलतात. पहिल्यांदा काढला तो काळ्या चहासारखा होता. त्याचे चार थेंब मडगार्डावर सांडले आणि दुसऱ्या दिवशी तेथला नवा निळा रंग फुगून सुटला. तो ठिपका त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे. गाडी पाहायला येणाऱ्या मुलांना ते आधी तोच दाखवतात आणि विचारतात, "हा कशाने पडला असेल, सांगा बघू?"