आधी तिथी, मग दुर्बीण

गोव्यात मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. वर दोडामार्गात हिलाच तिळारी म्हणतात. मुखाशी वाळूचा दांडा, पलीकडच्या डोंगरावर शापोऱ्याचा किल्ला. इथून पुळणीने उत्तरेला चालत निघालं की आश्वे, मांद्रे आणि हरमल लागतात. हरमलच्या पुढे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचं तळं आहे. सगळी वाट ९-१० किलोमीटरची. नोव्हेंबर ते मार्च या काळात पक्षी पाहायला याहून चांगली अर्ध्या दिवसाची वाट मला माहीत नाही.

मात्र निघण्याआधी कालनिर्णय काढा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही पाहून घ्यावं. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

या वाटेसाठी मी एकादशी निवडतो, शुद्ध असो वा वद्य. अकराची पाऊणपट सव्वाआठ. उजाडताना पाणी चढत असतं, आणि तेव्हाच दांड्यावर पोचायचं. ओहोटीत किनाऱ्यावरचे पक्षी खाडीच्या चिखलात दूरवर पांगलेले असतात, किडे आणि चिंबोऱ्या टिपत. पाणी चढलं की त्यांचं ताट झाकलं जातं. मग ते चार-चार, दहा-दहा करून कोरड्या वाळूवर येऊन बसतात. पौर्णिमेच्या उधाणाला थवा अधिक दाट जमतो हे खरं, पण तेव्हा भरती दुपारच्या तोंडावर येते आणि चालायला घट्ट वाळू उरत नाही.

दांड्यावर घाई करू नका, दीड तास इथेच द्या. आधी थव्यातले मोठे पक्षी पाहा. कुरव जाड अंगाचे, सुरय सडपातळ, आखूड पायांचे, टोकदार पंखांचे. हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं तपकिरी नसतं! डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तसंच, म्हणून नवखा माणूस इथे हमखास अडतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाची बुबुळं फिकट असतात आणि उडताना पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके दिसतात. दुसऱ्याची बुबुळं गडद, आणि पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला सुमारे चार वर्षं लागतात, त्यामुळे एकाच थव्यात एकाच जातीचे वेगवेगळे रंग दिसतात. सगळे ओळखलेच पाहिजेत असं नाही.

मग खाली, वाळूच्याच रंगाचे चिखले. मानेभोवती पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली असेल तर तो केंटिश चिखल्या. ती नसेल तर वाळूचिखल्या. यांतले काही तिबेट-लडाखच्या उंच पठारांवर घरटी करून इथे येतात. लाटेच्या काठावर पुढे-मागे धावणारा फिकट, चपळ पक्षी दिसला तर तो सँडरलिंग, थेट उत्तर ध्रुवाकडून आलेला. त्याला मागचं बोट नसतं.

थवा उठवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. भरतीचे हे दोन-तीन तास त्यांच्या विसाव्याचे असतात, आणि प्रत्येक उड्डाणात पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जळते. माना वर झाल्या आणि पक्षी चालू लागले की तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. मोरजीला कासवांच्या घरट्यांभोवती वनखात्याचं कुंपण असतं. त्याच्याही बाहेरून जा.

साडेआठला उत्तरेकडे निघा. ओसरत्या पाण्यामागे घट्ट ओली वाळू मिळते. ऊन उजवीकडून, पाठीमागून येतं, त्यामुळे समुद्रावरचा प्रत्येक पक्षी उजेडात दिसतो. आश्व्याला खाटा-छत्र्यांची गर्दी असते, तिथे रेंगाळायचं कारण नाही. मांद्र्याच्या खाडीजवळ मात्र मान वर ठेवा. पाचरीसारखी शेपटी, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचललेले आणि पोट पांढरंशुभ्र दिसलं तर तो समुद्रगरुड, कोकणातला काकण. तांबूस अंग आणि पांढरं डोकं असेल तर ब्राह्मणी घार.

हरमलच्या उत्तरेला खडक लागतात. दुपारच्या ओहोटीत ते उघडे पडतात, आणि त्यांवर समुद्रबगळा शिकार करतो. तो कधी पाटीसारखा काळपट, कधी पूर्ण पांढरा, पण जात एकच. खडकांपलीकडे तळं. इथे तिथी चालत नाही. समुद्र ओसरला तरी या पाण्याची पातळी त्याच्यामागे जात नाही, म्हणून इथले पक्षी उन्हाच्या वेळा पाळतात. दुपारी काठावर एखादी ढोकरी तेवढी दिसेल. सावलीत बसा, पाणी प्या आणि चारपर्यंत थांबा, म्हणजे खंड्या पाण्यावर उतरू लागेल. परतीला हरमलहून म्हापशाची बस मिळते.