घरच्या घड्याळाला धातूचं घर

घरी इलेक्ट्रॉनिक घड्याळ तयार करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. वेळ मोजणारी चिप, लाल अंकांचा डिस्प्ले, एक मायक्रोकंट्रोलर आणि पाच व्होल्टचा अडॅप्टर, एवढं साहित्य मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतं. शाळा-कॉलेजातली मुलं एका सुट्टीत हे सगळं जुळवतात. अंक झळकू लागले की घरात कौतुकही होतं. पण पुढे बरेचदा ते घड्याळ पुठ्ठ्याच्या खोक्यात, उघड्या तारांसह पडून राहतं. मंडळी, घड्याळ चालवणं वेगळं आणि टिकवणं वेगळं. टिकवायचं तर त्याला चांगलं घर हवं. ते धातूचं करायचं असेल तर काय पाहावं, हे आज समजून घेऊ.

उदाहरण म्हणून नवघर घेऊ. भाईंदर पूर्वेच्या या भागात लहान कारखान्यांचे गाळे आहेत आणि स्टीलच्या भांड्यांचा धंदा भाईंदरला जुना आहे. दुसरीकडे मिठागरं आणि वसईची खाडी जवळ. म्हणजे धातूला आकार देणारे हात इथेच आणि धातूला खाणारी हवाही इथेच. हवेतल्या मिठाचे कण पृष्ठभागावर बसतात, ओलावा ओढतात आणि त्या ओलाव्यात गंज वेगाने धरतो. म्हणून इथे पॉलिश किंवा रंग ही नुसती शोभा नव्हे, तो घड्याळाचा रेनकोट आहे.

आधी धातू ठरवावा, मग हत्यारं. साधा लोखंडी पत्रा स्वस्त आणि वाकवायला सोपा, पण रंगाला एक ओरखडा पडला तरी तिथून गंज शिरतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि मऊ, हाताच्या हत्यारांनी कापता येतं. नवशिक्यांसाठी हाच धातू उत्तम. त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप चढतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये विजेच्या साहाय्याने हाच थर जाड करतात. पितळेला भोक सफाईदार पडतं आणि झळाळीही सुरेख येते, पण ते काळवंडतं. देवघरातल्या समईसारखं ते चिंचेने किंवा पितांबरीने घासायला गेलात, तर पाणी सर्किटमध्ये उतरेल. म्हणून चकाकी आणल्यावर पितळ स्पिरिटने पुसून त्यावर पारदर्शक लॅकर मारावं.

स्टेनलेस स्टील मात्र हट्टी धातू. ड्रिल भरधाव फिरवलं की ते तापतं, आणखी कडक होतं आणि बिटाचं टोक जातं. गती कमी, दाब भक्कम आणि थेंबभर तेल, हा त्यावरचा उपाय. पत्रा घेताना ३०४ ग्रेडचा मागावा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. कमी निकेलचे स्वस्त प्रकार खाऱ्या हवेत लवकर डागाळतात. आरशासारख्या पॉलिशवर बोटांचे ठसे दिसतात, बारीक रेघांच्या मॅट फिनिशवर ते झाकतात. पण त्या रेघांत मीठ साचतं. तेव्हा मॅट फिनिश घेतलंत तर ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करण्याची सवय ठेवा.

हत्यारं मोजकीच पुरतात. इंचाला ३२ दातांची हॅक्सॉची पाती, दोन-तीन कानशी, सेंटर पंच, गुण्या, लहान व्हाइस आणि हँड ड्रिल. पातळ पत्रा प्लायवूडच्या दोन तुकड्यांत दाबून कापला की फाटत नाही. डिस्प्लेची चौकोनी खिडकी करताना रेषेच्या आत ओळीने भोकं पाडून मधला भाग काढावा आणि कानशीने कडा सरळ कराव्यात. लोखंडावर वापरलेली कानस स्टेनलेसवर चालवू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेच पुढे गंजतात. सर्किटसाठी २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि छोटा कटर पुरे. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. धातूच्या डब्यात २३० व्होल्ट नेऊच नका. अडॅप्टर बाहेर ठेवा, आत फक्त पाच व्होल्ट येऊ द्या. काही कारणाने मुख्य वीज आत न्यावीच लागली, तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांची जोडणी आणि अर्थिंग करून घ्या. अ‍ॅनोडायझिंग आणि पावडर कोटिंग दोन्ही वीज अडवतात. अर्थिंगच्या स्क्रूखालचा थर खरवडून धातू उघडा केला नाही, तर अर्थिंग नावापुरतं उरतं. घड्याळाला हात लावणारं घरातलं लहान मूल डोळ्यांसमोर ठेवूनच हे काम करावं.

डब्याच्या मागे आणि खाली हवेसाठी भोकं हवीत. साध्या घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तो २५ अंशांच्या आसपास जुळवलेला असतो. डबा तापून ४० अंशांवर गेला, तर घड्याळ दिवसाला अर्ध्या सेकंदाहून अधिक मागे पडतं. घड्याळ वाय-फायवरून वेळ घेणार असेल, तर मागची बाजू प्लॅस्टिकची ठेवा. चारी बाजूंनी धातू असला की सिग्नल अडतो.

फिनिशिंगची यंत्रं घरी घेण्याची गरज नाही. कापणं, भोकं पाडणं आणि एकदा सगळं जुळवून पाहणं घरी करा. मग सुटे भाग बफिंग, अ‍ॅनोडायझिंग किंवा पावडर कोटिंगला द्या. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणून वायरचा तुकडाही आत राहता कामा नये. क्रोम प्लेटिंगचा प्रयोग मात्र घरी कधीच नको. त्या द्रावणातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरू शकतं आणि मोरीत ओतलेलं पाणी शेवटी खाडीलाच मिळतं. ज्याचं काम त्याला द्यावं. जाताना आपला नमुना आणि खुणा केलेला कागद सोबत न्या, आणि कोणतं फिनिश आपल्या हवेत टिकेल हे त्या कारागिरालाही विचारा.