धूर मोजतात कसा?

खाण कंपनीच्या वार्षिक अहवालात रोपं लावणाऱ्या कामगारांचे फोटो संपले की एक रूक्ष तक्ता येतो: वर्षभरात अमुक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. डंपरमागे वजनकाटा घेऊन तर कोणी धावत नाही. मग हा आकडा येतो कुठून?

डिझेलच्या बिलांतून. लिटरभर डिझेलचं वजन साधारण 830 ग्रॅम, पण ते जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं: डिझेलमधल्या कार्बनच्या एकेका अणूला ऑक्सिजनचे दोन-दोन अणू चिकटतात. म्हणून लिटर मोजले की धूर मोजला. खडी फोडणाऱ्या क्रशरच्या विजेचा हिशेब वेगळ्या रकान्यात. तिथे धूर वीजकेंद्राचा, मागणी खाणीची.

लोहखनिजाची खरी गोम तिसऱ्या रकान्यात आहे. हे खनिज पुढे पोलाद कारखान्याच्या भट्टीत कोळशाच्या संगतीने वितळतं आणि तिथला धूर खाणीतल्या धुराच्या कैक पट असतो. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला, पण हा तिसरा रकाना ऐच्छिकच ठेवला. सोयीचंच झालं म्हणायचं!

आणखी एक मेख. उत्सर्जन उलाढालीच्या दर रुपयामागेही दाखवतात. खनिजाचा भाव दुप्पट झाला, तर तेवढंच डिझेल जाळूनही हा आकडा निम्म्यावर येतो. तेव्हा अहवाल हाती पडला तर रुपयामागची घट बाजूला ठेवा; एकूण उत्सर्जन आणि काढलेलं खनिज, दोन्ही टनांत शेजारी मांडून पाहा.