तयार सांगाडा आणि त्यांतील छिद्र

बँकेची पेढी, आगगाडीचें तिकीटघर किंवा कॉलेजची कचेरी यांचीं कामें आतां घरबसल्या संगणकाच्या पडद्यावरून होतात. पडद्यावरील हें दालन ज्या आज्ञावलीनें चालतें, तिला वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणतात. अशीं दालनें असंख्य असलीं तरी त्यांच्या पोटांतील पुष्कळसें काम एकसारखेंच असतें. आलेली मागणी वाचणें, अर्जाचे रकाने तपासणें, सोबत धाडलेले कागद उतरवून घेणें आणि उत्तर मांडणें, हें सर्वांनाच करावें लागतें. तें प्रत्येकानें नव्यानें रचण्यापेक्षां एकदां नीट रचून सर्वांनीं वापरावें, या विचारांतून जो तयार सांगाडा निर्माण झाला, त्यास फ्रेमवर्क म्हणतात. सुतार प्रत्येक घराच्या बिजागऱ्या स्वतः ओतीत बसत नाहीं, बाजारांतून आणतो. तसाच हा प्रकार आहे.

या व्यवस्थेनें श्रम वांचतात, आणि अनेकांच्या नजरेखालून गेल्यामुळें असा सांगाडा एकट्याच्या रचनेपेक्षां बहुधा भक्कमहि असतो. परंतु त्यांत एखादें छिद्र राहिलें, तर तें एका घरापुरतें राहत नाहीं. तो सांगाडा वापरणारीं सर्व घरें एकाच वेळीं उघडीं पडतात.

याचें ठळक उदाहरण ‘स्ट्रट्स’ या सांगाड्याचें आहे. जावा भाषेंतील वेब अ‍ॅप्लिकेशनांसाठीं क्रेग मॅक्लानाहन यांनीं तो २००० सालीं सुरू केला. पुढें अपाची या संस्थेच्या छत्राखालीं तो विनामूल्य मिळूं लागला व मोठमोठ्या कंपन्यांनीं त्यावर आपलीं दालनें उभारलीं. त्याच्या दुसऱ्या पिढींत जो दोष निघाला, तो समजण्यास कठीण नाहीं. कोणी संगणकावरून कागद धाडतो, तेव्हां मागणीच्या माथ्यावर आंत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे हें सांगणारी एक चिठ्ठी असते. ही चिठ्ठी अनोळखी निघाली, तर स्ट्रट्स चूक दर्शविणारा संदेश तयार करी व त्यांत चिठ्ठीवरील शब्द पुन्हां उतरवी. येथवर वावगें कांहीं नाहीं. परंतु त्या शब्दांत ओ.जी.एन.एल. नांवाच्या आटोपशीर भाषेंतील वाक्य आढळल्यास तें नुसतें न उतरवतां त्याचा अंमलहि केला जाई. पाकिटावर ‘तिजोरी उघडा’ असें लिहिलें असतां कारकुनानें ते शब्द आवकवहींत नोंदवावे, त्याऐवजीं उठून खरोखरच तिजोरी उघडावी, तसें हें झालें. पाठविणाऱ्यास पासवर्ड लागत नसे कीं ओळख द्यावी लागत नसे. परक्याचा मजकूर आणि धन्याची आज्ञा यांतील भेद पुसला जाणें, हेंच अशा अनेक छिद्रांचें मूळ असतें.

७ मार्च २०१७ रोजीं हा दोष जाहीर झाला, व दुरुस्त आवृत्तीहि त्याच सुमारास उपलब्ध झाली. मात्र अशी जाहिरात दुधारी असते. घरधन्यास दुरुस्ती कळते, त्याच वेळीं चोरालाहि कोणत्या भिंतींत भगदाड आहे तें कळतें. थोड्याच दिवसांत जगभर या छिद्राचा शोध घेणाऱ्या मागण्या फिरूं लागल्या.

लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या ‘इक्विफॅक्स’ या अमेरिकन कंपनीचें एक दालन स्ट्रट्सवर चालत असे. आपल्या नोंदींतील चुकीविषयीं तक्रार करणारे लोक तेथें पुराव्याचे कागद धाडीत. ४८ तासांत दुरुस्ती करावी, अशी सूचना ९ मार्च रोजीं कंपनींतील चारशेंहून अधिक जणांस गेली. पुढील आठवड्यांत तपासणीहि झाली. परंतु तींत हें दालन सांपडलें नाहीं. १३ मेपासून चोरांनीं आंतील माहिती न्यावयास सुरुवात केली. एका ठिकाणीं उघडे ठेवलेले पासवर्ड हातीं लागल्यानें ते इतर भांडारांतहि शिरले. बाहेर जाणारा मजकूर पाहणारें टेहळणीचें साधन होतें, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हांच संपलेली असल्यामुळें तें आंधळें झालें होतें. २९ जुलै रोजीं प्रमाणपत्र बदलतांच चोरी दिसून आली. ७ सप्टेंबर रोजीं ती जगजाहीर झाली. सुमारें १४ कोटी ७० लक्ष माणसांचीं नांवें, जन्मतारखा, पत्ते व सरकारी ओळख-क्रमांक अशी माहिती परक्यांच्या हातीं गेली होती.

यांतील बहुसंख्य लोकांनीं या कंपनीशीं स्वतः होऊन व्यवहार केलेलाच नव्हता. त्यांची माहिती बँका व सावकारी पेढ्या परस्पर पुरवीत असत. हरवलेला पासवर्ड बदलतां येतो. जन्मतारीख कोणास बदलतां येत नाहीं. २०१९ सालीं कंपनीनें ७० कोटी डॉलरपर्यंतची भरपाई व दंड मान्य केला, तरी गेलेली माहिती कांहीं परत आली नाहीं.

या प्रकरणांत सांगाडा रचणाऱ्यांकडून चूक झाली, हें खरें. परंतु चोरीस सुरुवात होण्यापूर्वीं दोन महिने उपाय तयार होता. दुरुस्ती प्रसिद्ध होणें आणि ती प्रत्यक्ष लागू होणें, यांच्यामधला काळ हाच खरा धोक्याचा काळ होय. तो आटोपता ठेवावयाचा तर आपल्या कोणत्या दालनांत कोणता सांगाडा आहे याची यादी हवी, त्यावर देखरेख करणारा ठराविक माणूस हवा, आणि काम झालें कीं नाहीं हें दुसऱ्यानें पडताळून पाहावें. चारशें जणांस धाडलेली सूचना पुष्कळदां कोणाचीच नसते. हाच नियम घरांतहि लागू पडतो. फोनवर किंवा संगणकावर दुरुस्त आवृत्ति आल्याची सूचना दिसते, तेव्हां ती घेण्याचें काम घरांतील एका माणसाकडे नेमून द्यावें, व तें झाल्याची खात्री करून घ्यावी.