दरडीच्या पोटातला वारा

"हातमोजा काढा, हात इथे धरा," गुहा दाखवणाऱ्या बाई म्हणतात.

मी दगडातल्या भेगेसमोर तळवा धरते. आतून वारा येतोय. सावकाश, ओला, दगडामातीच्या वासाचा. एप्रिलची दुपार आहे, वर रस्त्यावर लख्ख ऊन पडलंय आणि आम्ही जिने उतरून डोंगराच्या पोटात आठ-नऊ अंशांत कुडकुडत उभ्या आहोत.

हे रोक्फोर. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यातलं जेमतेम पाच-सहाशे वस्तीचं गाव. कोंबालूच्या कड्याला पाठ टेकून घरांची लांबट ओळ, बस्स. गावाचा खरा पसारा जमिनीखाली आहे. फार फार पूर्वी या पठाराची कड खालच्या चिकणमातीवरून घसरली आणि चुनखडीचे प्रचंड धोंडे एकमेकांवर रचले गेले. त्यांच्यामधल्या फटी पार वरपर्यंत जातात. बाहेरची हवा त्यांतून आत येता येता गार आणि दमट होते. या फटींना इथे 'फ्लरीन' म्हणतात. दरड म्हटलं की आपल्या काळजात धस्स होतं. हे गाव शेकडो वर्षं दरडीवरच पोट भरतंय.

बाई दिवा लावतात. ओकच्या फळ्यांवर चीजचे पांढरे गोल ठोकळे कडेवर उभे, नजर पोचेल तिथवर. एकेक अडीच-तीन किलोचा. इथले लोक त्याला 'पँ' म्हणतात, म्हणजे पाव. जवळ जाऊन पाहते, तर अंगभर सुयांनी टोचल्याची बारीक छिद्रं. त्यांतूनच हवा आत शिरते आणि दुधात आधीच मिसळलेली बुरशी निळ्या-हिरव्या शिरांनी फुलते. पूर्वी ही बुरशी याच गुहांमध्ये रायच्या पावावर वाढवत आणि तिची पूड करत. कुणा मेंढपाळाने मुलीच्या मागे जाताना शिदोरी गुहेत विसरली आणि त्यातून हे चीज जन्मलं, ही गोष्ट बाईही सांगतात; पण घाईने. त्यांना सांगायचंय ते बायकांबद्दल.

"कॅबानिएर," त्या म्हणतात. गुहांमध्ये काम करणाऱ्या बायका. आसपासच्या खेड्यांतून हंगामासाठी येत, लाकडी तळाच्या चपला घालून या गारठ्यात दिवस काढत. मीठ चोळायचं, ठोकळे फिरवायचे, वर आलेली बुरशी सुरीने खरवडायची. मला वाटतं, या चीजचा इतिहास राजांपेक्षा या बायकांच्या सुजलेल्या बोटांनी जास्त लिहिला आहे. बुरशी हवी तेवढी वाढली की ठोकळे कथलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून आणखी थंड जागी ठेवतात, म्हणजे पुढचं मुरणं संथपणे होतं. बाई हवेतच हात फिरवून ते गुंडाळणं दाखवतात. दोन वळणं, एक दाब.

राजांचाही वाटा आहेच. 1411 मध्ये सहाव्या चार्ल्सने इथे चीज मुरवण्याचा हक्क गावकऱ्यांना दिला. 1666 मध्ये तुलूझच्या न्यायालयाने नक्कल करणाऱ्यांना दंड ठरवला. 1925 मध्ये या चीजला कायद्याचं संरक्षण मिळालं. फ्रान्समध्ये असा मान मिळवणारं हे पहिलं चीज. लाकोन जातीच्या मेंढीचं कच्चं दूध हवं, मुरायला किमान नव्वद दिवस हवेत आणि त्यातले निदान चौदा दिवस या दरडीखालच्या गुहांमध्येच. तेच दूध, तीच बुरशी शेजारच्या गावात मुरवली, तर ते रोक्फोर नाही. हा नियम मला पूर्ण पटतो. भेगेतला वारा अजून माझ्या तळव्यावर आहे.

मी भारतातली म्हटल्यावर बाई थांबतात. "वर्धा?" त्या विचारतात. क्षणभर मला काही बोलताच येत नाही.

पूर्वेला लार्झाकचं पठार आहे, रोक्फोरसाठी दूध देणाऱ्या मेंढपाळांचं. 1971 मध्ये सरकारने तिथला लष्करी तळ वाढवायचं ठरवलं. जमिनी सोडणार नाही, अशी 103 शेतकऱ्यांनी शपथ घेतली. त्यांच्यासाठी पंधरा दिवस उपोषणाला बसले लान्झा देल वास्तो. हे 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहिलेले, त्यांच्याकडून 'शांतिदास' हे नाव मिळालेले. 1972 च्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांनी साठ मेंढ्या थेट आयफेल टॉवरखाली चरायला सोडल्या. दहा वर्षं लढा अहिंसक राहिला आणि 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून मितराँ निवडून आल्यावर ती योजना रद्द झाली.

वर येतो. उन्हाने डोळे दिपतात. बाई पावाच्या तुकड्यावर बोटभर चीज ठेवून देतात. आधी खारट, मग लोण्यासारखं मऊ, शेवटी जिभेच्या कडांना झोंबणारं.

कुठे रोक्फोर मिळालं, तर वेष्टणावर तांबडी मेंढी आहे ना, ते बघून घ्या. आणि खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर ठेवा. गारठलेल्या रोक्फोरची चव लागत नाही.