शके ९८२ कुठे गेलं?
अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष कोरलेलं आहे. एक्सएमएलमध्ये त्याची नोंद अशी करता येईल: <मंदिर शके="९८२">अंबरनाथ</मंदिर>. यात ‘मंदिर’ एलिमेंट, ‘शके’ अ‍ॅट्रिब्यूट आणि ‘अंबरनाथ’ टेक्स्ट. एक्सएमएलमधले असे भाग निवडण्याची भाषा म्हणजे एक्सपाथ. या भागांना ती नोड म्हणते, आणि एक्सपाथ १.० नोडचे एकूण सात प्रकार मानतं. उरलेले रूट, कॉमेंट, नेमस्पेस आणि प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन.

खरी मेख अ‍ॅट्रिब्यूटची. एलिमेंट त्याचा पालक असतो, पण अ‍ॅट्रिब्यूट मात्र एलिमेंटचं अपत्य धरलं जात नाही. त्यामुळे एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या स्टाइलशीटने फक्त अपत्य नोड निवडून नक्कल केली, तर मंदिर आणि नाव उतरतं, पण वर्ष गळतं. एररही येत नाही, म्हणून ही चूक घातक. अ‍ॅट्रिब्यूट हवे असतील तर ‘@*’ वेगळं लिहावंच लागतं.