डोळे आले असतां घरीं काय करावें?

सन २०२३ च्या जुलै महिन्यांत चाकणजवळील आळंदीस डोळ्यांची मोठी सांथ आली आणि हजारों लोकांचे, विशेषतः मुलांचे, डोळे लाल झाले. तेथील वारकरी शिक्षणसंस्थांतून पुष्कळ मुलें एकत्र राहतात. एकत्र कुटुंबाची स्थितीहि तशीच असते.

हा रोग नुसत्या पाहण्यानें जडत नाहीं. तो हात, पंचा, उशी यांच्या द्वारें पसरतो. म्हणून पहिला उपाय म्हणजे साबणानें वरचेवर हात धुणें. रोग्याचा पंचा, अभ्रा व काजळाची डबी वेगळी ठेवावी. उकळून गार केलेल्या पाण्यांत कापूस भिजवून डोळा हलकेच पुसावा; बोळा दर खेपेस नवा घ्यावा. थंड पाण्याच्या घड्यांनीं आग शमते. सांथीचे डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात.

मध किंवा आईचें दूध डोळ्यांत घालूं नये. त्याहून घातक म्हणजे फडताळांतील जुनी बाटली! तींत स्टेरॉइड असल्यास लाली झटकन् ओसरते, परंतु बुबुळास जखम असल्यास ती चिघळते आणि दीर्घकाळच्या वापरानें कांचबिंदु होऊं शकतो. त्यांत गेलेली दृष्टि परत येत नाहीं.

तीव्र वेदना, अंधुक दिसणें, उजेड न सोसणें, बुबुळावर पांढरा ठिपका, किंवा तान्ह्या मुलाचे डोळे येणें, यांवर घरगुती उपचार नको. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लोखंड घांसतांना डोळ्यांत कण गेल्यास डोळा न चोळतां त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.